फुंकर आणि पैसा



आपल्या गावाचा आणि काचेचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आपण सारे थिबा राजवाड्याकडे बोट दाखवू. त्या वाड्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांत रंगीत काचा बसविलेल्या आहेत. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या हाती सापडला. १८८६ च्या एप्रिलात त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. आणि हा वाडा त्याच्या नशिबी आला तो १९१० साली, म्हणजे बंदिवासाची चोवीस वर्षे उलटल्यावर. मंडालेच्या त्याच्या राजवाड्यात काचमहाल नावाचे दालन होते. काचमहालातून निघालेला हा राजा आपल्या गावी १९१६ च्या डिसेंबरात वारला, आणि मंडालेचा तो मूळ राजवाडा १९४५ साली युद्धाच्या आगीत जळून गेला.

मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात, हा योगायोग आपल्याकडे शाळेतली पोरेही सांगतात. मी त्यात तिसरी एक गोष्ट घालणार आहे. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली २२ जुलै १९०८ रोजी. त्याच १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा एक कारखाना निघाला. त्याचे नाव पैसा फंड ग्लास वर्क्स. राजवाड्याची काच राजासाठी होती. तळेगावची काच पैशा-पैशाने उभी राहिली. आजच्या व्याख्यानाचा विषय ती दुसरी काच होय.

मी इतिहासाचा पंडित नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण थोडे कामगार न्यायालयाच्या ओट्यावर आणि बरेचसे आपल्या नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. १८२८ साली निघालेले ते वाचनालय नसते, तर माझ्यासारख्या माणसाला या व्यासपीठावर उभे राहण्याचे धाडस झाले नसते.

तर काच. आज घरात काच किती आहे याची आपल्याला शुद्धच राहिलेली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साध्या घरात काच शिरे ती दोन वाटांनी: बायकांच्या हातातल्या बांगड्या, आणि रॉकेलच्या दिव्याची चिमणी. आपल्या देशात काच नव्हती असे नाही. नेवाशाच्या उत्खननात काचेचे मणी आणि बांगड्या निघाल्या आहेत. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी भारतीय काचेच्या इतिहासावर ग्रंथच लिहिला आहे. तो चाळला म्हणजे ही विद्या येथे किती जुनी, ते कळते. परंतु मणी आणि बांगडी करणे वेगळे आणि पोकळ, पातळ, एकसारखी चिमणी हजारोंनी फुंकून काढणे वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा माल बोटीने येई. बांगड्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून येत. सौभाग्याचे लेणे म्हणून जी वस्तू आमच्या आज्या-पणज्या हातांत भरीत, ती बोहेमियातल्या कोणा कारागिराच्या हातची असण्याचा संभव मोठा होता. स्वदेशीच्या चळवळीला काच का दिसली, हे यावरून ध्यानात येईल.

अंताजी दामोदर काळे या गृहस्थांची कल्पना अशी होती की, देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशातून देशी उद्योग काढावेत. टिळकांनी तिला पाठबळ दिले, 'केसरी'ने ती घरोघर नेली. स्वयंसेवक डबे घेऊन जत्रांतून आणि रस्त्यांतून हिंडले. 'पैसा फंड' हे नाव लोकांच्या तोंडी असे बसले की आपल्या संगमेश्वरात एका शाळेच्या पाटीवर ते आजही वाचावयास मिळते.

हा पैसा केवढा, याचा हिशेब तरुण मंडळींसाठी मांडतो. जुन्या रुपयाचे पैसे चौसष्ट. लाख रुपये जमवायचे तर चौसष्ट लाख वेळा कोणीतरी कमरेची चंची सोडली पाहिजे. याच्या शेजारी मुंबईचा राजाबाई मनोरा उभा करून पाहा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाच्या भावाने मुंबईत जो पैसा ओतला त्याचे राजे प्रेमचंद रायचंद. विद्यापीठाच्या वाचनालयासाठी आणि मनोऱ्यासाठी त्यांनी दोन-दोन लाख रुपये दिले. आराखडा केला विलायतेतल्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. १८६९ साली पाया घातला, १८७८ साली काम पुरे झाले, उंची २८० फूट, आणि मनोऱ्याला नाव प्रेमचंदांच्या मातोश्रींचे. नुसत्या मनोऱ्याच्या दोन लाखांचे पैसे होतात एक कोटी अठ्ठावीस लाख. एका माणसाच्या सहीने जे झाले, त्याला दुसऱ्या वाटेने एवढे हात लागले असते. शेटजींचा दानधर्म खोटा, असे मला म्हणावयाचे नाही. पण दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या आहेत.

हा मनोरा आणि त्याच्या पायथ्याचे वाचनालय आम्ही घरची चार माणसे मुद्दाम पाहून आलो. निमित्त मुलीचे. ती चित्रकलेच्या परीक्षेला बसली होती आणि रंगीत काचचित्रे प्रत्यक्ष पाहण्याचा तिने हट्ट धरला होता. परवानगी काढून वाचनालयात गेलो. २०१५ साली त्या वास्तूचा जीर्णोद्धार पुरा झाला आणि खिडक्यांवरची दीड शतकाची काजळी गेली. खरे सांगतो, मला वाटले होते की बड्या लोकांची शोभा पाहून दोन मिनिटांत बाहेर पडू. तासभर गेला. आमची मंडळी तर बाकावर बसूनच राहिली आणि म्हणाली, "अभ्यास कसा व्हायचा हो इथे मुलांचा?"

तेथून उपनगरातल्या एका कार्यशाळेत गेलो. अशा खिडक्या दुरुस्त करणारी आणि नव्या घडविणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे मुंबईत आहेत, त्यांपैकी एका बाईंची ती जागा. त्यांनी मुलीला सगळे उलगडून दाखविले. आधी पूर्ण मापाचे चित्र कागदावर. मग प्रत्येक रंगाचा तुकडा त्या मापाने कापायचा. मग शिशाच्या पट्टीत बसवायचा. या पट्टीला दोन्ही अंगांना खाच असते, म्हणजे एका पट्टीत दोन शेजारी धरले जातात. सांध्यावर कल्हईसारखा डाख, आणि फटीत लुकण. चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या हे सारे लोखंडाच्या भुकटीत काचेची पूड कालवून कुंचल्याने काढतात आणि भट्टीत भाजतात, म्हणजे ते काचेशी एकजीव होते. निळा रंग कोबाल्टचा. माणकासारखा तांबडा सोन्याचा. आणि चांदीचा लेप भाजला की काच पिवळी होते. चांदीने पिवळे आणि सोन्याने तांबडे, हे ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे उलटेच की!" शिसे दीडशे वर्षांत आपल्याच भाराने वाकते, म्हणून जुनी खिडकी उतरवून, तुकडा न तुकडा सोडवून पुन्हा बांधावी लागते, असे बाईंनी सांगितले. मी विचारले ते माझ्या धंद्याला शोभेल असेच: डाख देताना शिशाचा धूर कोठे जातो, आणि जेवणापूर्वी हात कोण धुवायला लावतो? बाईंनी हसून पंखा दाखविला. पोरांना मात्र माझी लाज वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी वसईच्या बाजूला एका फुंकणाऱ्या कारागिराकडे गेलो. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, नळ्या, थंडावणीची वेटोळी तो करतो. येथे मोठी भट्टी नाही. तयार काचनळी घ्यायची, प्राणवायू मिसळलेल्या ज्योतीत धरायची आणि रबरी नळीतून फुंकायची. काच तापली की ज्योत पिवळीजर्द होते आणि आतले काही दिसत नाही; ते दिसावे म्हणून तो डिडिमियमचा चष्मा लावतो. तो चष्मा तेवढा पिवळा उजेड गिळून टाकतो. मुलीने तो लावून पाहिला आणि तिला काचेची कड दिसली. आम्हाला दिसला नुसता जाळ.

आमच्या मंडळींनी एक गोष्ट बरोबर हेरली. "हे गाल फुगवीतच नाहीत," ती म्हणाली. कारागीर म्हणाला, "वहिनी, फुंकर थोडीच लागते. काम सगळे फिरवण्याचे आहे." मग आम्ही त्याच्या बोटांकडे पाहू लागलो. दोन्ही हात नळी सारखे फिरवीत होते, एकाच चालीने, बोलताना, हसताना, दाराकडे पाहतानासुद्धा. हात थांबला की मऊ काच ओघळते आणि चंबू एका बाजूला लोंबतो. हे मनगटात बसायला किती दिवस लागले, असे मुलाने विचारले. मामाच्या हाताखाली सात वर्षे, हे त्याचे उत्तर. त्याचा स्वतःचा मुलगा मोटारसायकलवरून घरोघर जेवणाचे डबे पोचवितो. "त्याला शिकवायचे होते," तो म्हणाला, "पण सात वर्षे त्याला कोण पोसणार?"

या एका वाक्यात तळेगावच्या कारखान्याचे मर्म आहे, असे मला वाटते. तळेगावच्या आधी हिंदुस्थानात काचकारखाने निघाले नव्हते असे नाही. बंगालमध्ये निघाले, अंबाल्याला निघाले. बरेचसे बसले. कोळसा दूर, सोडा परदेशचा, ही कारणे होतीच. पण मोठी अडचण होती ती मनगटाची. भांडवल कर्जाने मिळते, यंत्र बोटीने मागविता येते, पण फिरवणारा हात मागविला तर तो परका असतो. परदेशी फुंकणारे आणले तर त्यांचा पगार डोईजड, आणि विद्या त्यांच्या हातातच राही. यात त्यांचा दोष नाही. ज्याची भाकरी हुन्नरावर आहे, तो हुन्नर चव्हाट्यावर मांडीत नाही. व्हेनिसच्या सरकारने १२९१ साली सगळे काचकारागीर मुरानो बेटावर नेऊन बसविले आणि देश सोडून जाण्यास त्यांना बंदी केली. हुन्नर पळू नये म्हणून माणसाला कोंडण्याचा तो प्रकार होता.

पैसा फंडाने उलट केले. त्यांनी ईश्वरदास वार्ष्णेय यांना बोलाविले. हे उत्तर हिंदुस्थानातले गृहस्थ जपानात आणि पुढे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, शिकून आलेले होते. त्यांच्या हाताखाली तळेगावास जे उभे राहिले ते निम्मे कारखाना आणि निम्मे शाळा होते. पोरे तेथे शिकली आणि देशभर पांगली. पुढच्या काळात निघालेल्या कितीतरी लहान काचकारखान्यांत तळेगावला तयार झालेली माणसे होती. वार्ष्णेय स्वतः पुढे आपल्या प्रांतात गेले आणि बहजोईला त्यांनी मोठा कारखाना उभारला. निव्वळ नफ्याचा हिशेब करणारा मालक म्हणेल की हा तोटाच: तुम्ही शिकविलेला माणूस दुसऱ्याच्या भट्टीवर गेला. पण पैसा दिलेला होता सगळ्या देशाने. तेव्हा माणूस देशात कोठेही गेला तरी जमेच्याच बाजूला. सात वर्षे कोण पोसणार, या प्रश्नाला त्या लोकांनी दिलेले उत्तर असे होते.

१९०८ च्या जुलैत आणखी एक घटना घडली, ती आपल्या जिल्ह्याच्या माणसांनी विसरता कामा नये. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसे मेली. त्या गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा होता तो जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा. ज्यांनी डब्यात पैसा टाकला आणि ज्यांनी सहा दिवसांची मजुरी टाकली, ती माणसे एकाच जातकुळीची होती. एकाच्या नावाचा कारखाना झाला. दुसऱ्याच्या नावाचा मनोरा कोणी बांधला नाही. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाही तर मी कारागिरीची नुसती आरती ओवाळतो आहे असे व्हायचे. काचेची भट्टी १४०० अंशांच्या पुढे तापते आणि रात्री विझविता येत नाही. म्हणून काम पाळ्यांनी, आणि त्या काळी हाताखाली पोरे. त्याच १९०८ साली अमेरिकेत लुईस हाईन या छायाचित्रकाराने इंडियाना आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या काचकारखान्यांत मध्यरात्री काम करणाऱ्या मुलांची चित्रे घेतली. ती पाहिली की कारागिरीची सारी गोडी उतरते. आपल्याकडे फिरोजाबादच्या बांगड्यांच्या भट्ट्यांवर पोरे राबली ती तर आपल्या हयातीत.

मायकेल ओवेन्स हा अशाच पोरांपैकी एक. दहाव्या वर्षी तो व्हीलिंगच्या काचकारखान्यात भट्टीत कोळसा घालू लागला, पंधराव्या वर्षी फुंकणारा झाला, तरुणपणी कामगारांच्या संघटनेत होता. त्यानेच १९०३ च्या सुमारास आपोआप बाटली करणारे यंत्र शोधून काढले. त्या यंत्राने बाटली फुंकणाऱ्यांचा धंदा बुडविला, आणि त्याच यंत्राने भट्टीवरची पोरे घरी गेली. तेथील फुंकणाऱ्यांची संघटना दुबळी नव्हती. भर उन्हाळ्यात भट्टी दोन महिने बंद, ही प्रथा तिने राखली होती. एका कारागिरामागे शिकाऊ किती, हेही ती ठरवी. असे असून यंत्रापुढे तिचे काही चालले नाही. मी तेथे असतो तर कोणत्या बाजूला उभा राहिलो असतो? पंचवीस-तीस वर्षे संघटनेचे काम करूनही याचे उत्तर मला चटकन देता येत नाही. पोरे सुटली हे चांगलेच झाले. पण ज्या प्रौढ माणसाच्या मनगटात सात वर्षे मुरली होती, त्याला त्या मनगटाचे मोल कोणी दिले नाही, आणि आम्ही संघटनावाले पगारवाढ मागतो, बोनस मागतो, पण मुरलेल्या मनगटाचे मोल मागणीपत्रात क्वचितच लिहितो.

आपल्या मुलखातली पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९१४ च्या महायुद्धाने ऑस्ट्रिया आणि जर्मनीचा माल थांबला आणि देशी काचेला वाव मिळाला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने काचकारखाना काढला. ती जागा म्हणजे ओगलेवाडी. वडिलांच्या नावाचा त्यांचा 'प्रभाकर' कंदील कोकणातल्या घराघरांत पोचला. आमच्या वाडीवर वीज उशिरा आली. तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसणे हे माझे काम होते, आणि काच फुटली तर आई मारी नाही, पण त्या रात्री घरात कोणी बोलत नसे. वीज आली, प्लॅस्टिक आले, ओगल्यांचा कारखानाही पुढे बंद पडला. सपाट काच तर १९५९ पासून, इंग्लंडातल्या पिल्किंग्टन कंपनीच्या युक्तीने, वितळलेल्या कथलावर तरंगवून करता येऊ लागली. तेथे फुंकरीचे कामच नाही.

काच मात्र वाढतेच आहे, आणि काचेला लागते वाळू. ती आपल्या दाराशी आहे. १९८१ पर्यंत जो भाग आपल्याच जिल्ह्यात होता, त्या कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात गारेची वाळू निघते. ती धुऊन, चाळून ट्रकांत भरतात आणि काचेच्या व ओतकामाच्या कारखान्यांना पाठवितात. ही वाळू ओली असते तोवर निरुपद्रवी. कोरडी होऊन उडाली की तिचे अतिसूक्ष्म कण छातीत जाऊन बसतात आणि पुन्हा निघत नाहीत. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो डॉक्टरने सरकारला कळविलाच पाहिजे अशा रोगांत घातला. धंद्याने जडलेल्या रोगाची भरपाई १९२३ च्या कायद्यात सांगितलेली होती. पण भरपाई मागायची तर छातीचे चित्र हवे, आणि ट्रक भरणाऱ्या रोजंदारीच्या माणसाचे असे चित्र कोणी काढलेले नसते. हजेरीपटावर त्याचे नाव असेलच असेही नाही.

म्हणून यंदा आमच्या काही कार्यकर्त्यांनी चाळणीवर आणि भरणीवर काम करणाऱ्यांची यादी करावयास घेतली आहे. नाव, वय, किती वर्षे काम, खोकला आहे का, चढण चढताना धाप लागते का. पहिल्या दिवशी चौदा नावे झाली. एका बाईने नाव सांगितले, वर्षे सांगितली अकरा, धाप लागते म्हणाली. मग ट्रककडे हात करून तिने मलाच विचारले, "हेची काच करतत म्हणतत. खंय करतत ती?" तिने काचेचा कारखाना कधी पाहिलेला नव्हता. मी तिला तळेगावची गोष्ट सांगू लागलो, पण तेवढ्यात पुढचा ट्रक लागला आणि ती फावडे घेऊन गेली.